रस्ता खुला आहे का? – वेस्ट बँकमधले दिवाळीचे दिवस

2019 च्या दिवाळीत आम्ही दोघं वेस्ट बँकमध्ये, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागात होतो. वहीतल्या नोंदी तशाच पडून होत्या. परवा एका मित्राने तिकडे जाण्याबद्दल विचारलं, तेव्हा वही काढली आणि म्हटलं, आता एकदा नीट लिहूनच टाकू. मधल्या काळात तिथलं बरंच बदललं, आणि बहुतेक वाईटच बदललं. गरज पडेल तिथे ते सांगेन, बाकी तेव्हा पाहिलं तसं.

व्हिसा आणि विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही. एक मात्र लक्षात ठेवा: इस्रायलच्या बेन गुरियन विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी निळी चिठ्ठी देतात. ती पासपोर्टात नीट जपा. पुढे नाक्यानाक्यावर तीच दाखवावी लागते.

शुक्रवार: जेरुसलेम ते बेथलेहेम

दमास्कस दरवाज्याजवळच्या अरब बसस्थानकावरून 231 नंबरची बस बेथलेहेमला जाते. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. जाताना कोणी हटकलं नाही, कागद मागितले नाहीत. बोगदे पार करून बस बेत जालाच्या चढाला लागली आणि बाब अझ-झकाकच्या चौकात तिने आम्हाला उतरवलं. "झालं? एवढंच?" हिने विचारलं. तपासणी उलट्या दिशेने असते. बाहेर येणं सोपं, आत शिरणं कठीण, आणि इथे ‘आत’ म्हणजे जेरुसलेम.

पहिल्यांदा जाणाऱ्याने थोडं व्याकरण समजून घ्यावं, नाहीतर तिथे काय दिसतंय ते कळत नाही. 1995 च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने वेस्ट बँकचे अ, ब, क असे तुकडे पाडले. शहरं ‘अ’ मध्ये, म्हणजे पॅलेस्टिनी प्रशासनाकडे. जवळजवळ साठ टक्के जमीन ‘क’ मध्ये, म्हणजे पूर्णपणे इस्रायली लष्कराच्या ताब्यात. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं तर वाटेत ‘क’ लागतोच. गाड्यांच्या पाट्याही दोन तऱ्हेच्या: पिवळी इस्रायली, पांढऱ्यावर हिरवी पॅलेस्टिनी. हिरवीला जेरुसलेममध्ये मज्जाव. माणसांच्या ओळखपत्रांचंही तेच. निळं कार्ड जेरुसलेमच्या रहिवाशाचं, हिरवं वेस्ट बँकवाल्याचं, आणि हिरव्या कार्डवाल्याला दहा किलोमीटरवरच्या शहरात पाऊल टाकायला ‘तसरीह’ लागते. तसरीह म्हणजे परवाना. हा शब्द आमच्या कानावर दिवसातून पन्नास वेळा तरी पडला असेल.

आमचा मुक्काम एका ख्रिस्ती कुटुंबाकडे होता. नवरा ऑलिव्हच्या लाकडाचं कोरीवकाम करतो, बायको पूर्व जेरुसलेममधल्या एका रुग्णालयात नर्स. हिने फराळाचा डबा बरोबर आणला होता. पहिल्याच संध्याकाळी चकली बाहेर निघाली. त्यांच्या धाकट्या मुलाने ती आधी बोटात अंगठीसारखी घालून पाहिली आणि मगच खाल्ली.

(भाड्याची गाडी घेणाऱ्यांसाठी: इस्रायली कंपन्यांचा विमा बहुतेक वेळा ‘अ’ भागात चालत नाही. घेण्याआधी विचारा. आम्ही सगळीकडे बस आणि ‘सर्व्हिस’ने फिरलो. सर्व्हिस म्हणजे सात आसनांची सामायिक टॅक्सी, भरली की सुटते.)

शनिवार: एका तासाचा घोटाळा

सकाळी उठलो तर माझ्या फोनवर सात वाजलेले, हिच्या फोनवर सहा. माझ्यात जेरुसलेमला घेतलेलं इस्रायली सिम होतं, ही घरातल्या वायफायवर होती. नाश्त्याला उलगडा झाला. पॅलेस्टिनी प्रशासनाने त्याच मध्यरात्री उन्हाळी वेळ संपवून घड्याळं एक तास मागे घेतली होती. इस्रायल ती एक रात्र उशिरा घेणार होतं. म्हणजे त्या शनिवारी बेथलेहेम आणि जेरुसलेम यांच्यात बरोबर एका तासाचं अंतर पडलेलं.

नर्सबाई आमच्या आधीच घराबाहेर पडल्या होत्या. ड्यूटी सातची, पण जेरुसलेमच्या सातची, म्हणजे घरच्या घड्याळात सहाची. "आज मी साडेतीनला उठले," संध्याकाळी त्या सांगत होत्या. शेजारणीने लेकीच्या साखरपुड्याची वेळ सांगितली, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "तुझी वेळ की त्यांची वेळ?" सगळे हसले. दरवर्षीचंच असल्यासारखं.

दुपारी कोरीवकामाच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे घराखालची एक खोली. पट्टीची करवत, भुसा, आणि भिंतीला लागून छाटलेल्या ऑलिव्हच्या फांद्यांचा ढीग. लाकूड वाळायला बराच काळ लागतो, घाई केली तर तडकतं. उंट, गव्हाणीतला येशू, मेंढपाळ. एक उंट घडताना मी पहिल्या करवतीपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत पाहिला. चारी पाय एकाच तुकड्यातून निघतात, आणि पायांमधली जागा कोरताना कारागीर श्वास धरतो.

माल कोण घेतं, असं विचारल्यावर त्याने हिशोबच मांडला. बेथलेहेमला तेव्हा पर्यटक कमी येत नव्हते. पण ते जेरुसलेमहून मोठ्या बसने यायचे, गाईड ठरवेल त्या एका दुकानात उतरायचे, येशूच्या जन्मस्थळावरचं नेटिव्हिटी चर्च पाहायचे आणि जेवायला परत जायचे. गावात पायी कोणी फिरायचं नाही. त्याचे वडील रेचल मकबऱ्याजवळच्या रस्त्यावर दुकान चालवायचे. जेरुसलेम-हेब्रॉन हमरस्ता तिथूनच जायचा, सगळी रहदारी दारात. आता त्या रस्त्याच्या मधोमध आठ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत आहे. दुकानाचं शटर अजून त्यांच्याच मालकीचं, समोर मात्र गिऱ्हाईक येईल असा रस्ताच उरला नाही.

भिंतीचं काम 2002 मध्ये सुरू झालं. दुसऱ्या इंतिफादाचा, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाचा काळ होता तो, इस्रायली शहरांत बसमध्ये, हॉटेलांत आत्मघाती स्फोट होत होते. इस्रायलचं म्हणणं, ही सुरक्षेसाठी. आखलेली लांबी सातशे किलोमीटरच्या वर आहे आणि तिचा बहुतेक भाग 1949 च्या हद्दीवर नाही, वेस्ट बँकच्या आत आहे. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लामतात तो भाग बेकायदा ठरवला. माझं मत विचाराल तर हद्दीवर भिंत बांधणं एक वेळ समजू शकतं, कोणाच्या दुकानासमोर बांधणं नाही.

रविवार: चेकपॉइंट 300

नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच दिवशी आले होते. अभ्यंगस्नानाच्या वेळेला आम्ही बेथलेहेमहून जेरुसलेमला जाण्याच्या नाक्याच्या, चेकपॉइंट 300 च्या बाहेर उभे होतो.

इस्रायलमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो, त्यामुळे रविवारची पहाट सगळ्यांत गर्दीची असायची. पावणेचारला टॅक्सीने सोडलं तेव्हा भिंतीच्या कडेने बाजार भरलेला होता. हातगाड्यांवर बल्ब लटकत होते. वेलदोडा घातलेली कॉफी, तीळ लावलेले लांबट काअक पाव, सोबत उकडलेलं अंडं आणि कागदाच्या पुडीत झातरचा मसाला. एकाकडे फक्त कामाचे हातमोजे आणि मोजे, दुसऱ्याकडे सुट्या सिगारेटी. रंगाचे डाग पडलेल्या पँटी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दुपारचं जेवण. गाड्या येत होत्या, माणसं ओतून जात होती. कोणी पुठ्ठ्यावर फजरची नमाज पढत होतं, कोणी बाजूला उभ्याउभ्याच डुलक्या काढत होतं.

भिंतीला चिकटून वर चढत जाणारी लोखंडी गजांची एक अरुंद वाट आहे, वर पत्रा. माणसं तिच्यातून जातात. गर्दी दाटली की काही तरुण बाहेरून गजांवर चढतात आणि डोक्यांवरून पुढे घुसतात. शिव्या पडतात, हशाही पिकतो. बायका, म्हातारे आणि आजारी यांच्यासाठी बाजूला वेगळी वाट आहे. आमच्या नर्सबाई तिथून गेल्या, जाताना हात हलवून. त्यांचं रुग्णालय ज्या डोंगरावर आहे तो डोंगर त्यांच्या गच्चीवरून दिसतो.

शेजारी राहणारा फरशी बसवणारा कारागीर रांगेबाहेर आमच्याबरोबर कॉफी प्यायला थांबला. वय चाळिशीचं. तोडकं इंग्रजी, त्यात हिब्रू. इस्रायलमध्ये त्याला रोज अडीचशे शेकेल मिळायचे. तेव्हाच्या भावाने पाचेक हजार रुपये. तेच काम बेथलेहेममध्ये केलं तर निम्मेसुद्धा सुटायचे नाहीत. पण तसरीह ज्या मालकाच्या नावावर, त्याच्याकडेच काम करायचं, अशी तेव्हा अट होती. आणि तसरीह मिळवून देणारा दलाल महिन्याला दोन हजारांहून जास्त शेकेल उकळायचा. कायद्यात अशी दलाली बसत नव्हती, चालायची मात्र राजरोस. म्हणजे महिन्यातले आठ-नऊ दिवस माणूस निव्वळ परवान्यासाठी राबायचा.

त्या वर्षी तिथे नवीन हॉल झाला होता. चुंबकीय कार्ड टेकवा, यंत्राला चेहरा दाखवा, काच सरकते. पूर्वी जिथे दोन-दोन तास मोडायचे तिथे आता बरा दिवस असेल तर वीस मिनिटं लागतात, असं तोच म्हणाला. "मग एवढ्या पहाटे का येता?" मी विचारलं. कामाची वेळ सातची होती. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं भाषेचा घोळ झाला. "बरा दिवस कोणता ते आदल्या रात्री कोण सांगणार?" पलीकडे मालकाची व्हॅन सहाला येते, थांबत नाही. चुकली तर रोज बुडाला, दोनदा चुकली तर कदाचित तसरीहही. त्यामुळे यंत्रं आली, रांग सरकायला लागली, पण झोप कोणाला परत मिळाली नाही. वेळ वाचला तो भिंतीपलीकडे फुटपाथवर बसून काढायचा, एवढाच फरक.

कॉफीवाल्याचं दुखणं वेगळं. रांग झपाट्याने पुढे जाते, लोक थांबत नाहीत, विक्री घटली. "देवाने लोकांना सुख दिलं, मी तक्रार कशी करू?" असं म्हणत तक्रार मात्र त्याने पुरती केली.

हे लिहिताना तो फरशीवाला सारखा डोळ्यांसमोर येतोय. 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतर इस्रायलने वेस्ट बँकच्या मजुरांच्या तसरीह गोठवल्या. त्याआधी दीड लाखांच्या आसपास माणसं रोज अशी कामाला जात होती. ती एका दिवसात घरी बसली. त्यांची जागा भरायला भारतातून कामगार नेण्याचं ठरलं आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये पुण्यातही निवड झाली. सेंटरिंगवाले, सळ्या वाकवणारे, गिलावा करणारे आणि फरशी बसवणारे हवे होते. जाणाऱ्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. लाखाच्या वर पगार आपल्याकडे गवंड्याला कोण देतं? पण ती बातमी मी दोनदा वाचली.

संध्याकाळी घरमालकांच्या अंगणात पणत्या लावल्या. तेल ऑलिव्हचं. वात हिने कापसाची वळली.

सोमवार: अल-खलील

हेब्रॉनला स्थानिक लोक अल-खलील म्हणतात. बेथलेहेमहून सर्व्हिसने तासाभराच्या आत पोचलो. वाटेत दुतर्फा द्राक्षमळे. मी मूळचा तासगावचा, त्यामुळे मान खिडकीबाहेरच होती. इथे मांडवाऐवजी बऱ्याच ठिकाणी वेल जमिनीलगत पसरलेले. बाजारात ‘मलबन’ मिळालं, द्राक्षाचा रस आटवून वाळवलेली पातळ पोळी. आपली फणसपोळी आठवा, वर तीळ आणि पाइनच्या बिया. अर्धा किलो घेतलं, रामल्लाला पोचेपर्यंत संपलं.

1997 च्या करारात या शहराचे दोन भाग झाले. एच-1 पॅलेस्टिनी प्रशासनाकडे. एच-2, म्हणजे जुनं गाव आणि इब्राहिमी मशीद असलेला सुमारे पाचवा हिस्सा, इस्रायली लष्कराकडे. एच-2 मध्ये काही शे ज्यू वसाहतकरी राहतात आणि त्यांच्या भोवती हजारो पॅलेस्टिनी. जुन्या बाजाराच्या गल्लीवर डोक्यावर जाळी ताणलेली आहे, कारण वरच्या मजल्यांवरच्या वसाहतीतून खाली कचरा पडतो. जाळीत बाटल्या, एक खुर्ची, डायपर. त्याच्या खाली एक म्हातारे दुकानदार पितळी भांडी पुसत बसले होते. ते ‘बसा’ म्हणाले, सेजची सुवासिक पानं घातलेला चहा आला, आणि काही घ्यायचा आग्रह झाला नाही. म्हणून घेतलं.

गजबजलेल्या बाब अझ-झाविया चौकातून एक फिरतं लोखंडी फाटक आणि एक तपासणीची खोली ओलांडली की शुहदा रस्ता. आवाज एकदम बंद. हा एके काळचा मुख्य बाजार. 25 फेब्रुवारी 1994 रोजी बारूख गोल्डस्टाइन नावाच्या वसाहतकऱ्याने इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्यांवर गोळ्या झाडून 29 जणांना मारलं. त्यानंतर निर्बंध घातले गेले ते पॅलेस्टिनींच्या रस्त्यावर, आणि दुसऱ्या इंतिफादात ते आणखी आवळले. दुकानांची हिरवी दारं वेल्डिंग करून बंद केलेली. आमच्यासारखा परका त्या रस्त्यावर खुशाल हिंडू शकतो. मागच्या गल्लीत चहा पाजणारे अम्मो (काका), ज्यांचं बालपण त्या रस्त्यावर गेलं, ते नाहीत.

नाक्यावरच्या सैनिकाने धर्म विचारला. हिंदू म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि सोडलं. इब्राहिमी मशीदही मधून विभागलेली आहे, एका बाजूला मशीद, दुसऱ्या बाजूला सिनेगॉग. आम्हाला दोन्हीकडे जाता आलं.

या नाक्याने एक नवा धंदा जन्माला घातला आहे, हातगाडीवाल्या पोरांचा. आतल्या घरांपर्यंत पॅलेस्टिनी गाडीला परवानगी नाही. मग गॅसचं सिलिंडर, पिठाची पोती, फ्रिज, सगळं तीन चाकांच्या गाडीवर ढकलत न्यायचं. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा कपाट घेऊन आला. फाटकातून ते जाईना. त्याने दारं काढली, फळ्या काढल्या, एकेक पलीकडे नेली आणि परत जोडायला बसला. पान्हा खिशातच होता.

(जेवायला: इथली खासियत ‘किद्रा’. भात आणि मटण, तांब्याच्या हंड्यात भरून लाकडाच्या भट्टीत शिजवतात. दुपारी एकच्या आत जा, नंतर संपतं. शाकाहारी असाल तर हुम्मुस-फलाफल कुठेही. हिरबावींचा कफियाचा, म्हणजे चौकडीच्या अरबी रुमालांचा कारखाना जरूर पाहा: 1961 पासून चालू आहे आणि जपानी सुझुकी मागांचा खडखडाट इचलकरंजीच्या माणसाला घरी आल्यासारखा वाटेल. मशिदीत जायचं तर शुक्रवार टाळा.)

मंगळवार: आगीच्या दरीतून

बेथलेहेमहून रामल्लाला जायचं. नकाशावर जेरुसलेममधून सरळ रेघ, वीस-बावीस किलोमीटर. आमच्या पासपोर्टावर आम्हाला ती मोकळी होती. पण आम्ही हिरव्या पाटीच्या सर्व्हिसने गेलो, सगळे जातात तसे, जेरुसलेमला वळसा घालून वादी अन-नारमधून. नावाचा अर्थ आगीची दरी. अंतर दुपटीहून जास्त. रस्ता असा घसरतो आणि चढतो की मागच्या बाकावरच्या काकूंनी लिंबू हुंगायला काढलं आणि अर्धं हिला दिलं.

दरीच्या वर ‘कंटेनर’ नावाचा नाका आहे. पूर्वी तिथे एका कंटेनरमध्ये दुकान होतं, त्यावरून हे नाव, असं ड्रायव्हर म्हणाला. वेस्ट बँकच्या दक्षिणेला मध्य आणि उत्तरेशी जोडणारा पॅलेस्टिनी गाड्यांचा मुख्य रस्ता हाच, त्यामुळे दोन सैनिकांनी तो अडवला की दक्षिणेचा सगळा व्यवहार अडतो. ड्रायव्हरच्या फोनवर एक ग्रुप सतत वाजत होता. कोणत्या नाक्यावर काय चाललंय एवढंच त्यात. ‘सालिक’, म्हणजे मोकळा. ‘अझमा’, म्हणजे तुंबलाय. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर काच खाली करून हाताने खूण करायचा. आमच्या दिवशी सालिक होता. एका सैनिकाने आत डोकावून पाहिलं, कार्डं मागितली नाहीत. "अकरा मिनिटं," ड्रायव्हर खुशीत म्हणाला. याच जागी त्याने साडेतीन तासही काढले होते, त्या दिवशी त्याच्या गाडीत लग्नाला निघालेला नवरदेव होता.

अंतर किती, असं तिथे कोणी सांगत नाही. "रस्ता खुला असेल तर..." अशी वाक्याची सुरुवात होते आणि पुढे काहीही येऊ शकतं.

रामल्ला मोठं, चढउताराचं, कॅफे आणि बँकांचं शहर आहे. मनारा चौकातल्या सिंहांचा फोटो काढला, रुकबचं डिंकासारखं ताणलं जाणारं आइसक्रीम खाल्लं. आणखी सांगण्यासारखं फार नाही. पुण्यातला माणूस तिथे तासाभरात रुळतो.

बुधवार: जय्यूसचं फाटक

पहाटे निघून कल्किल्याकडे. हे गाव पेरूंसाठी प्रसिद्ध आणि जवळजवळ चहूबाजूंनी भिंतीत. ओळखीतून जवळच्या जय्यूस गावात एका शेतकरी कुटुंबाकडे गेलो. ऑलिव्हच्या तोडणीचे दिवस होते.

इथे भिंत नाही, कुंपण आहे. इलेक्ट्रॉनिक तारा, दोन्ही अंगांना गस्तीचे रस्ते, पावलांचे ठसे उमटावेत म्हणून मऊ मातीचा पट्टा, चर. गाव एका बाजूला, गावची बरीचशी जमीन दुसऱ्या बाजूला. मध्ये एक पिवळं फाटक. ते तेव्हा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी थोडा थोडा वेळ उघडायचं. सैनिक जीपने यायचे, कुलूप काढायचे, ट्रॅक्टर आणि गाढवांच्या गाड्या एकेक करून सोडायचे. आम्हाला पलीकडे जाता येणार नव्हतं. रांगेत फक्त म्हातारे दिसले, तेव्हा मी विचारलं की तरुण कुठे आहेत?

घरचे आजोबा चहा ओतता ओतता सांगू लागले आणि मी वहीत भराभर लिहून घेतलं. स्वतःच्या शेतात जायला तसरीह लागते. ती जमीन मालकीची आहे म्हणून मिळते, तीही मुदतीची. आजोबांच्या वडिलांच्या नावावर मळा होता. वडील गेले, नावं लागली सहा भावंडांची. आता भावंडांची मुलं. 2017 नंतरच्या नियमानुसार ज्याचा वाटा 330 चौरस मीटरपेक्षा कमी भरतो, त्याला शेतीची गरज नाही असं धरून परवाना नाकारत होते. सातबाऱ्यावर नावं चढत गेली की काय होतं हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. तिथे त्याचा अर्थ असा की बाप मेला की पोराला शेतात जाता येत नाही. एका मुलाला ‘मजूर’ म्हणून तसरीह मिळाली होती, स्वतःच्याच बापाच्या रानात. आजोबा ते सांगताना हसले.

पलीकडच्या झाडांना मशागतीच्या दिवसांत वेळेवर हात लागत नाही, त्यामुळे उत्पन्न पडतं. काहींनी भाजीपाला सोडून ऑलिव्हच ठेवलं, कारण ऑलिव्ह वाट पाहू शकतं, टोमॅटो नाही.

आम्ही अलीकडच्या झाडांवर कामाला लागलो. झाडाखाली ताडपत्री, हातात प्लास्टिकचे फणे. फांदीतून फणा ओढला की फळं टपटप खाली. हिने शिडी पटकावली. दुपारी तिथेच चूल पेटली: तळलेली अंडी, लबने (घट्ट दह्याचा चक्का), टोमॅटो, तव्याएवढ्या पोळ्या आणि मागच्या आठवड्यात काढलेलं हिरवंगार तेल, घशाला चरचरणारं. थोडा पाऊस आला, सगळे ताडपत्रीखाली. त्या मोसमाचा पहिला. आजींनी हात बाहेर काढून ओला केला आणि तोंडावरून फिरवला.

रात्री पोती घेऊन घाण्यावर गेलो. अख्खं गाव तिथे. प्रत्येक जण आपल्या तेलाची धार पाहायला खुर्ची टाकून बसलेला, दुसऱ्याच्या तेलाला नावं ठेवत.

गुरुवार: कलंदिया

तिथला आठवडा गुरुवारी संपतो, त्यामुळे दुपारनंतर रस्ते तुंबतात हे आम्हाला सांगितलं होतं. तरी रामल्लाहून जेरुसलेमची बस आम्ही चारलाच पकडली, दुसरा इलाज नव्हता. वाटेतल्या कलंदिया नाक्याच्या अलीकडे कफर अकब लागतं. कागदोपत्री ते जेरुसलेम महापालिकेत, प्रत्यक्षात भिंतीच्या या बाजूला. लोक निळं कार्ड टिकवण्यासाठी इथे राहतात, पालिकेचा कर भरतात, आणि खिडकीला खिडकी लागलेल्या दहा-बारा मजली इमारती कोणाच्याही परवानगीशिवाय वर जातात.

मग गाड्या थांबल्या आणि बाजार बसभोवती आला. काअक, भाजलेले शेंगदाणे, गाडीच्या काचेला लावायचे पडदे, उशा, फोनचे चार्जर, गुलाबी कापूसमिठाई. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा टिश्यूची पाकिटं घेऊन खिडक्यांखालून फिरत होता. त्याचा हिशोब पक्का: गाडीचं इंजिन बंद झालं की तिकडे वळायचं, चालू इंजिनवाल्याकडे वेळ घालवायचा नाही. भिंतीवर पॅलेस्टिनी नेते यासर अराफातांचं मोठं चित्र, खालून टायरच्या धुराने काळवंडलेलं.

तासाभराने आम्ही उतरलो आणि पायी टर्मिनलमध्ये शिरलो. नवी इमारत विमानतळासारखी झगझगीत. स्थानिक लोक कार्ड टेकवून सरकत्या काचांमधून जात होते, ज्याचं कार्ड यंत्र घेत नव्हतं तो बाजूला उभा. आमच्यासाठी काचेमागची खिडकी. आत विशीच्या आतबाहेरची एक सैनिक मुलगी. तिने निळी चिठ्ठी पाहिली, मग पासपोर्ट, मग एकदम चेहरा खुलला. "इंडिया! मी सैन्यातून सुटले की गोव्याला येणार आहे. तिथला पाऊस कधी संपतो?"

ऑक्टोबरनंतर या, मी म्हणालो. अरंबोल की पाळोळे, तिने विचारलं. मागे एक बाई झोपलेलं लेकरू खांद्यावर घेऊन उभी होती. तिच्या मागे औषधांचे कागद हातात धरलेले एक गृहस्थ. हिने मला कोपर मारलं. "दोन्ही चांगले," म्हणून मी पासपोर्ट उचलला.

(कलंदियासाठी: पासपोर्ट आणि निळी चिठ्ठी हातात ठेवा, बॅगेत नको. मोठी सूटकेस फिरत्या फाटकात अडकते. फोटो काढू नका. शक्यतो सकाळी नऊनंतर आणि दुपारच्या आधी जा. ज्यू सणांच्या दिवशी नाके बंद असू शकतात, कॅलेंडर पाहून ठरवा. चालत पलीकडे गेलात तरी त्याच कंपनीच्या पुढच्या बसमध्ये चढता येतं, फक्त तिकीट फेकू नका. आणि आता 2023 नंतर यातलं काहीही गृहीत धरू नका. ज्यांच्याकडे उतरणार असाल त्यांना आदल्या रात्री फोन करा. रस्ता कोणता खुला आहे ते त्यांनाच माहीत असतं, तेही सकाळपर्यंतचं.)